मालकाने काय शिकायचे?

मुशी नदीच्या उत्तरेला, अफझलगंज आणि गोशामहल यांच्यामधल्या अरुंद गल्ल्यांत हैदराबादचा बेगम बाजार पसरला आहे. पितळी भांडी, सुकामेवा, मसाले, किराणा, पूजेचे सामान, क्रोकरी, प्लास्टिक असे घराला, दुकानाला आणि हॉटेलला लागणारे जवळजवळ सगळे इथे घाऊक मिळते. दुसरा निजाम, निजाम अली खान (कारकीर्द १७६२ ते १८०३), याच्या बेगमेने ही जमीन व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून बाजाराला हे नाव पडले, असे सांगतात. मराठी माणसाला हा परका मुलूख नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडचे दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या माल भरायला इथे येत आले आहेत. इथल्या पेढ्यांशी त्यांचा उधारीचा व्यवहार जमला तो शब्दावर, आणि बापाची पत मुलाच्या कामी आली.

याच शहराच्या पश्चिम टोकाला गच्चीबावलीत इंडियन स्कूल ऑफ बिझनेस ही संस्था आहे. २ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तिचे उद्घाटन केले. तिथे केवळ कौटुंबिक उद्योगांचा अभ्यास करणारे थॉमस श्मिडहायनी यांच्या नावाचे केंद्र आहे आणि व्यापारी घराण्यांतल्या मुलामुलींसाठी वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. बेगम बाजारातून तिथे जायला गर्दीच्या वेळी तासाहून जास्त वेळ लागतो. तरी या दोन ठिकाणांतले खरे अंतर रस्त्याचे नाही. बाजाराला वाटते, ज्यांनी कधी गल्ला सांभाळला नाही ते आम्हाला धंदा काय शिकवणार? वर्गाला वाटते, हे लोक सगळे अंदाजाने चालवतात. दोघांचेही थोडे बरोबर आहे. पण ज्या गोष्टीचे शिक्षण खरोखर हवे आहे, ती या भांडणात बाजूला राहते. ती कोणती, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

व्यवस्थापनाचे शिक्षण आपल्याकडे मुळात कोणासाठी सुरू झाले, हे आधी पाहू. नोकरीत मुरलेल्या माणसांना काही आठवडे वर्गात बसवायचे, या प्रकारच्या शिक्षणाची भारतातली पहिली मोठी संस्था हैदराबादेतच उभी राहिली. १९५६ साली स्थापन झालेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडियाला ‘बेला व्हिस्टा’ हा महाल मिळाला. सातव्या निजामाचे थोरले चिरंजीव, ज्यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणजे वऱ्हाडचे युवराज म्हणत, त्यांचे ते निवासस्थान. इंग्लंडमधल्या हेन्ली इथल्या कॉलेजाचा नमुना समोर होता. सरकारी अधिकारी, सार्वजनिक उपक्रमांतले आणि मोठ्या कंपन्यांतले व्यवस्थापक इथे एकत्र बसून शिकू लागले. १९६१ मध्ये अहमदाबादला आणि कोलकात्याला आयआयएम निघाल्या. त्यांच्याही डोळ्यासमोर पगारी व्यवस्थापकच होता. नव्या देशाला धरणे, पोलाद कारखाने आणि बँका चालवणारी माणसे हवी होती, म्हणून ते योग्यही होते. बेला व्हिस्टापासून बेगम बाजार काही किलोमीटरवर. पण तिथल्या शेटजीला या शिक्षणात जागा नव्हती, आणि ती त्याने मागितलीही नाही.

व्यवस्थापक आणि मालक यांत मोठा फरक आहे. व्यवस्थापकाची बदली होते, तो राजीनामा देतो, निवृत्त होतो. दुकानदाराच्या मुलाला यातले काहीच करता येत नाही. त्याचा साहेब त्याचा बाप असतो आणि सहकारी चुलतभाऊ. संध्याकाळी शटर ओढले तरी दुकान जेवणाच्या ताटापर्यंत येते. व्यवस्थापकाने चूक केली तर कंपनीचे नुकसान होते. मालकाने केली तर दुकान, घर आणि नाती तिन्हींना झळ लागते. म्हणून व्यवस्थापकासाठी रचलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा मालकापुढे ठेवला, तर तो हुशार होतो, पण सुटा होत नाही.

मालकांना शिकवण्याचा एक जुना आणि फार थोड्यांना ठाऊक असलेला प्रयोग हैदराबादेतच झाला. लघुउद्योगांच्या विस्तारासाठी प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९६२ मध्ये दिल्लीहून इथे हलली. युसुफगुड्यातली आजची एनआय-एमएसएमई ती हीच. त्या वेळी तिला ‘सिएट’ म्हणत. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ पासून या संस्थेच्या सोबतीने आंध्र किनाऱ्यावरच्या काकीनाडा शहरातल्या छोट्या उद्योजक-व्यापाऱ्यांसाठी सुमारे दहा दिवसांचे वर्ग घेतले. त्यात हिशेब शिकवला नाही, विक्रीही नाही. चित्रे दाखवून गोष्टी लिहायला लावल्या, खेळांतून माणूस जोखीम कशी पत्करतो ते त्याचे त्यालाच दाखवले, आणि पुढे काय करणार हे कागदावर लिहून घेतले. तुलनेसाठी राजमहेंद्रीतले व्यापारी होते; तामिळनाडूतल्या वेल्लोरलाही वर्ग झाले. १९६९ मध्ये मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी त्यावर पुस्तक लिहिले. शिकून गेलेल्यांपैकी बरेच जण आधीपेक्षा जास्त काम करू लागले, नवे धंदे काढू लागले, भांडवल घालू लागले. जात, धर्म, जुन्या समजुती आड येतील ही भीती फोल ठरली.

पण त्या अभ्यासातला आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. ज्यांच्या हाती धंद्याचा अखेरचा निर्णय होता, त्यांच्यात बदल ठळक दिसला. बाकीच्यांना उमेद मिळाली, पण ती वापरायला जागा मिळाली नाही. साठ वर्षांपूर्वीचा हा धडा आजही लागू पडतो. वडील गादीवर आणि मुलगा वर्गात, अशा जोड्या दरवर्षी फी भरतात. मुलगा नव्या कल्पना घेऊन परत येतो. वडील ऐकतात आणि म्हणतात, ‘आधी वसुली आण.’ शिक्षण एकाला आणि अधिकार दुसऱ्याला, अशी वाटणी असेल तर कोणतीही संस्था काही करू शकत नाही.

आता बाजाराकडे वळू. दुकान चालवायला बेगम बाजाराला कोणी शिकवण्याची गरज नाही. इथल्या पेढ्यांचे वाडवडील सात हाली म्हणजे निजामी रुपयांना सहा कलदार म्हणजे ब्रिटिश रुपये हा हिशेब तोंडी करत. निजामाचा स्वतःचा रुपया गेला, राज्य गेले, पुढे विक्रीकर आला, व्हॅट आला, नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मग घरपोच माल देणारी अ‍ॅप आली. बाजार टिकून राहिला. कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची, कोणाचा माल रोखीनेच सोडायचा, भाव पडणार असेल तर गोदाम केव्हा रिकामे करायचे, ही विद्या वर्गात मिळत नाही.

उत्तराधिकाराचा प्रश्नही या बाजाराने एके काळी फार वेगळ्या रीतीने हाताळला होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हैदराबादच्या बड्या सावकारांत दशनामी गोसावी होते. हे मूळचे संन्यासी; मठ हीच त्यांची पेढी. तीर्थयात्रेच्या वाटांवर मठांची साखळी होती आणि त्याच वाटांनी हुंडी, कापड, जवाहीर फिरत असे. मराठी वाचकाला याची ओळख पुण्यातून आहे. सोमवार पेठेतले त्रिशुंड गणपतीचे मंदिर भीमजीगीर गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले, आणि त्या पेठेतला गोसावीपुरा अशाच सावकारांचा. सोलापूरची नरसिंगगिरजी मिल ज्यांच्या नावाने ओळखली गेली, ते राजा नरसिंगगिरजी हैदराबादच्या गोसावी घराण्यातले. त्यांचा ज्ञानबाग वाडा गोशामहल परिसरातला.

संन्याशाला मुले नसतात. त्यामुळे गुरूची पेढी चेल्याकडे जाई. चेला लहानपणापासून हाताखाली तयार होई, आणि अनेकांतला लायक बघून गुरू त्याला पुढे आणी. इथे भावांची वाटणी होत नसल्याने भांडवलाचे तुकडे पडत नसत. जे आज ‘लायकीवर उत्तराधिकारी’ म्हणून शिकवले जाते, ते या मठांत रूढी म्हणून चालत होते. ही व्यवस्था आदर्श होती असे नाही. चेल्याचेल्यांत तंटे झाले, पुढे बरीच घराणी गृहस्थ झाली आणि वारसाहक्काच्या नेहमीच्या वाटेला लागली. तरी तिच्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पेढीचा वारस जन्माने ठरलाच पाहिजे असे नाही. आणि पेढीची मालमत्ता व माणसाची मालमत्ता वेगळी ठेवता येते. व्यापारी कुटुंबांनी यातली पहिली गोष्ट स्वीकारणे अवघड आहे. दुसरी गोष्ट मात्र प्रत्येकाला जमण्यासारखी आहे, आणि मालकाचे शिक्षण तिथूनच सुरू होते.

१९७८ मध्ये हार्वर्डमध्ये रेनातो टाग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी एक साधी आकृती काढली. एकमेकांत शिरलेली तीन वर्तुळे: कुटुंब, मालकी आणि धंदा. जगभरच्या या विषयाच्या वर्गांत आज ती पहिल्याच दिवशी फळ्यावर येते. तिचा अर्थ बेगम बाजारातल्या एखाद्या दुकानावर लावून पाहू. समजा, सुकामेव्याचे घाऊक दुकान आहे. दोन भाऊ भागीदार. थोरल्याचा मुलगा दिवसभर काउंटरवर बसतो, पण भागीदारीच्या दस्तात त्याचे नाव नाही. धाकट्याची मुलगी सीए झाली आहे. जीएसटीचे विवरण ती घरी बसून भरते, तिचेही नाव कुठेच नाही. धाकट्याचा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे, पण उद्या त्याचा हिस्सा आहे. या मुलांची आत्या लग्न होऊन निजामाबादला गेली. ती दर दिवाळीला येते आणि तिने कधी काही मागितलेले नाही. तीस वर्षांचे जुने मुनीम कुटुंबातले नाहीत, मालकही नाहीत, पण पेढीची खरी नाडी त्यांच्या हाती आहे.

या प्रत्येकाला आकृतीत वेगळी जागा आहे, म्हणून एकाच प्रश्नावर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. नफा वाटायचा की दुसरे गोदाम घ्यायचे? काउंटरवरचा मुलगा म्हणेल गोदाम, कारण भविष्य त्याचे आहे. बंगळुरूचा म्हणेल नफा, कारण त्याला घराचा हप्ता आहे. यात कोणी लोभी नाही आणि कोणी उधळ्याही नाही. घरात मात्र हा वाद स्वभावाचा होऊन बसतो: ‘तो पहिल्यापासून तसाच आहे.’ भांडण माणसांचे नसून जागांचे आहे, एवढे कळले तरी अर्ध्या घरांतला आवाज खाली येईल. बाकीच्या अर्ध्यांना लेखी नियम लागतील: काउंटरवर बसणाऱ्याला महिन्याचा ठरलेला पगार, मालकीचा हिस्सा म्हणून वेगळा नफा, आणि कुटुंबाचा खर्च म्हणून तिसरे खाते. ‘लागेल तसे गल्ल्यातून घ्या’ ही पद्धत प्रेमाची वाटते. पण कोणी किती घेतले याची आठवण प्रत्येकाची वेगळी असते.

या शिक्षणाच्या जाहिरातींत एक आकडा हमखास भेटतो: कौटुंबिक उद्योगांपैकी सुमारे ३० टक्के दुसऱ्या पिढीत तगतात आणि तिसऱ्या पिढीअखेर जेमतेम १३ टक्के उरतात. वाचकाने तो जपून घ्यावा. अमेरिकन अभ्यासक जॉन वॉर्ड यांच्या १९८७ मधल्या पुस्तकातून तो आला. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या २०० कारखान्यांचा १९२४ ते १९८४ असा माग काढला होता. एका राज्यातले कारखाने म्हणजे जगभरची दुकाने नव्हेत. शिवाय एखाद्या घराण्याने चांगल्या किमतीला कारखाना विकला, तर ते अपयश कसे? बेगम बाजारात दुकान मोडून मुलाने फार्मा कंपनी काढली, तर धंदा संपला म्हणायचे की वाढला? घाबरवून शिकवलेले फार काळ टिकत नाही. आपल्या बाजाराकडे स्वतःची पुरेशी उदाहरणे आहेत.

कायद्याची बाजू मात्र घाबरण्याइतकी नसली तरी जागे होण्याइतकी नक्की आहे. घाऊक बाजारातली बहुसंख्य जुनी दुकाने भागीदारीत चालतात. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम ४२ सांगते की करारात उलट काही ठरलेले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. म्हणजे थोरल्या भावाने शेवटचा श्वास घेतला की त्याच क्षणी पेढी कायद्याने मोडते. बँकेचे खाते, कर्जाची मर्यादा, जीएसटीची नोंदणी सगळ्यांचा प्रश्न तेराव्याच्या आतच उभा राहतो. भागीदार दोनपेक्षा जास्त असतील आणि करारात एक वाक्य असेल, तर हे टळते. ते वाक्य आपल्या दस्तात आहे की नाही, हे आज किती मालकांना न पाहता सांगता येईल?

दुसरी गोष्ट मुलींची. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलासारखा हक्क देणारा कायदा देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. पण हैदराबाद तेव्हा ज्यात होते त्या आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने हा हक्क ५ सप्टेंबर १९८५ पासूनच अविवाहित मुलींना दिला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या दुरुस्तीबाबत उरलेली शंकाही दूर केली: त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, हक्क जन्माने आहे. म्हणजे हैदराबादच्या व्यापारी घरांत हा प्रश्न चाळीस वर्षांचा जुना आहे. तरी कित्येक ठिकाणी मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे म्हणजेच उत्तराधिकाराची योजना. ज्या मुलीला दुकानाचा हिशेब सर्वांत चांगला कळतो तिच्याकडूनच ती सही घेणे, याला मी धंद्याची चूक म्हणतो. न्याय-अन्यायाचा विचार त्याहून वेगळा.

लेखी करार झाला की सगळे मिटते, असेही नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारणाऱ्या घराण्यात २००९ मध्ये कौटुंबिक करार झाला. त्यातल्या कलमांच्या अर्थावरून निघालेला वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता आणि न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. याउलट १८३२ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या गाडगीळ सराफांच्या नावाच्या पुण्यात आज दोन स्वतंत्र कंपन्या आहेत, आणि त्यातली एक २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. वेगळे होणे हा पराभव नव्हे. कागद हा भांडण टाळायचा ताईत नाही. भांडण कशावर आहे हे ठरवणारी ती मोजपट्टी आहे.

आता अभ्यासक्रमांविषयी. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेने १९९७ च्या सुमारास कौटुंबिक उद्योगांतल्या मुलांसाठी खास वर्ग सुरू केले. महिन्यातला एक आठवडा वर्ग आणि उरलेले दिवस स्वतःचा धंदा, ही तिथली रचना दुकानदाराच्या आयुष्याला धरून होती, म्हणून ती रुजली. गच्चीबावलीच्या अभ्यासक्रमातही मुलाने दुकान सोडून बसावे अशी अपेक्षा नाही. हार्वर्डचा मालक-अध्यक्षांसाठीचा वर्ग तर टप्प्याटप्प्याने, मध्ये महिन्यांचे अंतर ठेवून चालतो. शिकलेले परत जाऊन वापरायचे, फसले तर ते घेऊन पुन्हा यायचे, हे या सर्वांचे समान सूत्र. गच्चीबावलीचे प्राध्यापक कविल रामचंद्रन यांनी तर भारतीय घराण्यांच्या अभ्यासावर २०१५ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यामुळे उदाहरणे परदेशी असतात ही जुनी तक्रार आता पुरती खरी नाही.

दोन तक्रारी मात्र खऱ्या आहेत. पहिली भाषेची. बेगम बाजाराचा व्यवहार हिंदी, दख्खनी, मारवाडी, तेलुगू आणि मराठीत चालतो. वर्ग इंग्रजीत चालतो. म्हणून मुलगा जातो आणि ज्याच्या हाती निर्णय आहे तो घरी राहतो. काकीनाड्याची चूक भाषेच्या वाटेने पुन्हा घडते. दुसरी तक्रार आकाराची. अभ्यासक्रमाची फी लाखांत असते, आणि चर्चा असते हजार कोटींच्या घराण्यांची. दोन भाऊ, तीन कामगार आणि एक गोदाम एवढाच पसारा असलेल्या मालकाला तिथे आपले प्रतिबिंब दिसत नाही. त्याला पदवी नको आहे. त्याला दोन पिढ्या एकाच बाकावर बसतील असे चार रविवार हवे आहेत, एक वकील, एक सीए आणि मुद्दा भरकटू न देणारा एक बाहेरचा माणूस हवा आहे. व्यापारी संघटना, जिल्ह्याजिल्ह्यांतली चेंबर आणि हैदराबादेतल्या मराठी संस्था हे काम सहज करू शकतात. जांबबागेतल्या विवेकवर्धिनीने विसाव्या शतकाच्या आरंभी निजामी राजवटीत मराठी शाळा चालवून दाखवली. मालकांच्या शाळेला त्याहून जास्त धैर्य लागणार नाही.

हे पुस्तक या वर्गांनी सोडलेल्या जागेसाठी आहे. ते मराठीत आहे, कारण ते आधी वडिलांनी वाचायचे आहे. त्यात धंदा वाढवण्याच्या युक्त्या कमी आणि घरात विचारायचे प्रश्न जास्त सापडतील. एकट्याने वाचू नका. निदान एक भाऊ, एक मुलगा किंवा मुलगी आणि शक्य असेल तर घरातली सून सोबत घ्या. तिच्या संसाराचे भवितव्यही याच दुकानावर आहे. आणि पुढचे पान उलटण्याआधी तीन कामे करा. भागीदारीचा दस्त कपाटातून काढून मृत्यूसंबंधीचे कलम वाचा. दुकानात बसणाऱ्या घरातल्या प्रत्येकाचा पगार या महिन्यापासून ठरवून त्याच्या खात्यात टाका. आणि मृत्युपत्र केलेले नसेल तर या वर्षात करा. ही तीन कामे ज्याने केली त्याचे निम्मे शिक्षण झाले. ज्याला ती करवत नाहीत, त्याने महागड्या वर्गाची फी भरायची घाई करू नये.